गाडी भरलेली धरा

मागल्या महिन्यात बजाजनगरहून एक जण आमची जीप बघायला आला. कंपनीत कामाला आहे, सुट्टीला डोंगरात गाड्या घालायचा नाद आहे. आला तसा जीपभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून चाकं बघितली, म्हणाला, "काका, एवढी जुनी फोरव्हील आणि अशी उचललेली, कमाल आहे."

म्हटलं, "बसा. नाल्यापर्यंत जाऊन येऊ."

तो पुढचं दार उघडायला लागला. म्हटलं, "पुढं नाही. मागं बसा."

नाल्यापर्यंत गेलो, वळवली, आलो. उतरला तो कंबर धरून. "काका, गाडी चांगली आहे, पण शॉकअप गेलेत. फार आदळते. मी घेतली तर आधी ते काढून गॅसचे टाकीन."

"शॉकअप गेले नाहीत. तुम्ही एकटे बसला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे घरची, शेजारची, मिळतील तेवढी माणसं घेऊन या. गाडी भरा. मग मागं बसा अन् मग बोला."

त्यानं विचारलं, हे बसवले कुणी. म्हटलं, बसवले यूसुफ मिस्त्रीनं, निवडले माझ्या बायकोनं. तो हसला. हसणारच. त्यानं कौसाला पाहिलं नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग बैलं आणि मग स्टेअरिंग. कौसा जाऊन दोन पावसाळे झाले. जसं आठवतं तसं लिहितो.

कौसा म्हणजे कौसल्या. अंगानं बुटकी, तळवे रुंद, आवाज असा की अंगणातून हाक मारली तर नाल्यावरचं माणूस मागं वळून बघायचं. गोड बोलणं तिला जमत नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर "खारट झालीय, खा," म्हणून ताट पुढं सरकवायची. शेजारची सरूबाई नवीन लुगडं घेतलं की पहिल्यांदा आमच्याकडं दाखवायला यायची. कौसा वरून खालून बघायची आणि म्हणायची, "कापड चांगलं हाय. तुला शोभत नाय." सरूबाई तोंड वाकडं करून जायची. आणि पुढच्या दिवाळीला नवीन लुगडं घेऊन परत आमच्याच दारात. मी एकदा सरूबाईला विचारलं, कशाला येती गं ऐकून घ्यायला? ती म्हणाली, "बाकीच्या सगळ्या चांगलंच म्हणत्यात, अण्णा. मग कळायचं कसं?"

दुसरी सवय दह्याची. घरातून कुणी कामाला, परीक्षेला, गावाला निघालं की हातावर दही ठेवायचं, ही रीत सगळ्या घरांत आहे. पण ती कधीमधीची. कौसानं ती रोजची केली. मी रोज जीप काढणार, तर रोज सकाळी उंबऱ्यावर उभी. एका हातात गाडगं, दुसऱ्या हाताच्या बोटांवर दही.

"अगं, रोज काय? मी काय लढाईला चाललोय?"

"नाल्याचं काय सांगावं. हात पुढं करा."

मी हात चाटायचो आणि ओला हात स्टेअरिंगला पुसायचो. आमच्या स्टेअरिंगला कायम आंबूस वास. नवीन माणूस पुढं बसला की नाक वर करून बघायचा.

आमचं गाव वैजापूर तालुक्यातलं, डांबरी सडकेपासून आत. मधी नाला. जमीन सगळी काळी. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या एवढ्या खोल पडायच्या की मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासायचा. जीप मिलिटरीच्या लिलावातली, चारी चाकं ओढणारी. ताकद होती, पण पोट खाली. भर चिखलात पोट टेकलं की चारी चाकं जागेवर फिरायची, आणि आतली माणसं उतरून ढकलायची. बाजारच्या दिवशी वैजापूर, एरवी शहर, दवाखाना, कचेरी, लग्न. गावाला तेवढी एकच गाडी. म्हणून ठरवलं, जीप उंच करायची.

शहागंजाच्या मागच्या गल्लीत यूसुफ मिस्त्रीचं दुकान. त्यानं चाकांवरच्या कमानीत, म्हणजे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगमधे, एकेक पाटा वाढवला, ती कमान टांगायच्या पट्ट्या लांब केल्या, चाकं मोठी टाकली. जीप वीतभर उचलली गेली. आता मधला उंचवटा लागेना. पण एक नवीन भानगड झाली. खड्ड्यात चाक पडलं की खालून 'खाट' आवाज यायचा आणि सगळी गाडी हिसका खायची.

शॉकअप म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाजवळ एक जाड नळी असते, आत तेल. पाटे गाडीला उडवतात, ही नळी तिला आवरते. आमची जीप वर गेली, पण नळ्या जुन्याच, आखूड. चाक खाली जायचं आणि नळी मधेच ताणून संपायची. म्हणून तो आवाज.

आता उंच गाडी, वर बारा माणसं, रस्ता हा असा. मला वाटलं मजबूत पाहिजेत, यूसुफभाईलाही तसंच वाटलं. त्यानं ट्रकचे लांब, जाड शॉकअप आणून लावले. मी पुढं बसून चालवून बघितली. 'खाट' बंद. दोघंही खूश.

पुढच्या खेपेला कौसा त्या ट्रकच्या शॉकअपवर पहिल्यांदा बसली. तिची जागा ठरलेली होती, मागचा बाक, डावीकडं, फळीच्या कडेला. पुढं कधी बसली नाही. म्हणायची, "पुढं बसून रस्ता दिसतो, गाडी कळत नाय. बुडाला विचारा." हे तिचं ठरलेलं वाक्य. गादी घ्यायची असो, बैलगाडी असो, सोयरीक जुळवायला गेल्यावर पाहुण्यांनी टाकलेली सतरंजी असो, कुणी विचारलं कशी आहे, की "बुडाला विचारा." चार माणसांत मला लाज वाटायची. तिला नाही.

शहरात तिची धाकटी बहीण शांता राहायची. तिच्यासाठी कौसानं मांडीवर गाडगं घेतलं होतं, आदल्या दिवशी विरजलेलं दही, वर बोटभर साय, तोंडाला फडकं बांधलेलं. शहरात पोचलो. म्हटलं, चल, शांताकडं सोडतो. ती म्हणाली, "आधी मिस्त्रीकडं."

दुकानात गेली ती सरळ आत. यूसुफभाई गाडीखाली आडवे झोपलेले. कौसानं त्यांच्या डोक्याशी गाडगं ठेवलं आणि फडकं सोडलं.

"यूसुफभाई, हे काय हाय सांगा."

यूसुफभाई सरकत बाहेर आले, गाडग्यात बघितलं. "ताक है, भाभी."

"गावातून निघताना दही होतं."

दुकानातली सगळी थांबली. यूसुफभाईनं हात पुसले, आतून पेला आणला, पेलाभर ताक ओतलं, मिठाची चिमूट टाकली आणि उभ्याउभ्या प्याले. मिशी पुसून म्हणाले, "भाभी, ताक अच्छा है. शॉकअप खराब है."

"मग काढा."

"हौ, निकालता ना. रागवायचं कायकू?"

"मी रागावले नाय. दही रागावलंय."

तेव्हापासून यूसुफभाईच्या दुकानात दह्याची परीक्षा सुरू झाली.

दुसरे शॉकअप आणले ते मऊ, आणि लई लांब. आता जीप आदळेना, पण थांबेना सुद्धा. एका खड्ड्याला खाली गेली की पुढच्या तीन ठिकाणी आपली आपण झुलायची, नावेसारखी. नाल्याच्या उतारावर तर एका बाजूला अशी कलली की मागची माणसं एकमेकांच्या अंगावर. शहराच्या अलीकडं दोघांनी बाहेर तोंड काढून ओकाऱ्या काढल्या. तिसरी कौसा. तोंड धुतलं, पदर खोचला आणि गाडगं घेऊन दुकानात. फडकं सोडलं. साय जशीच्या तशी.

यूसुफभाई खुलले. "वा! दही तो सलामत है, भाभी."

"दही शाबूत हाय. माणसं मोडली."

मग मात्र यूसुफभाई कामाला लागले. आधी जीप वर उचलून चाकं लोंबती सोडली आणि दोरीनं माप घेतलं, की नळी जास्तीत जास्त किती ताणली जाईल. मग खाली उतरवून म्हणाले, आता भरून मोजायची. कौसानं गल्लीत उभं राहून हाक दिली. चहावाला, बांगडीवाला, शेजारचा शिंपी, दोन गिऱ्हाईकं, पुढच्या दुकानातला पोटसुटा व्यापारी, जो सापडला तो गाडीत. त्यांना काही कळेना.

"कुठं जायचंय, ताई?"

"कुठंच नाय. बसा गप. तुम्ही वजन हाय."

व्यापारी म्हणाला, "मैं उतरूं क्या? दुकान खुला है."

"तुम्हीच तर कामाचे. तुम्ही शेवटी उतरा."

त्यांना बसवून यूसुफभाईनं दुसरं माप घेतलं. या दोन मापांच्या मधे बसेल अशी नळी पाहिजे, ना ताणून संपणारी, ना दबून टेकणारी. तेलाची घ्यायची, हे पण ठरलं. राहिलं एक. किती कडक? यूसुफभाई माझ्याकडं बघून म्हणाले, "रिकामी गाडी नरम चलाना है, तर भरल्यावर झुलेल. भरलेली नीट चालवायची तर रिकामी असताना मागं आदळेल. दोनो नहीं मिलता. क्या करना बोलते?"

मी विचार करत होतो. कौसानं केला नाही.

"गाडी भरलेली धरा."

"पण रिकामी असली की मागं तूच बसती," मी म्हणालो. कारण खरंच होतं ते. शहरात माणसं उतरली की येताना पुष्कळदा आम्ही दोघंच. मी पुढं, ती मागं.

"मग माझं बूड माझं. गाडी माझ्यासाठी नाय घेतली."

तसेच बसवले. तेल बदललं, रबरं बदलली, नळ्या झिजल्या तसं त्याच मापाच्या दुसऱ्या टाकल्या, पण माप आणि कडकपणा आजपर्यंत तोच. बारा माणसं बसली की ती जीप अशी जायची की दह्यावरची साय हलायची नाही. आणि रिकामी येताना मागून कौसाचा आवाज, "हळू! मागं बी माणूस हाय!"

एका पावसाळ्यात गावातली एक सून अडली. नाल्याला पाणी. जीप भरून नेली, कारण एकटीला नेलं असतं तर आदळून तिचे हाल झाले असते. पोरीचं डोकं कौसाच्या मांडीवर. सासू मोठ्यानं रडायला लागली तशी कौसा तिच्यावर खेकसली, "रडायचं तर खाली उतरून रड. गाडीत बसायचं तर वजन म्हणून गप बस." सासू गप बसली. दवाखान्यात पोचलो, बाळबाळंतीण सुखरूप. सासू येताना कौसाच्या पाया पडायला लागली. कौसा म्हणाली, "मिस्त्रीच्या पड."

मग तिचं दुखणं. आधी कंबर म्हणून शेक घेतले, तेल लावलं. नंतर शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, दुखणं हाडात उतरलंय. औषधाला वरचेवर न्यावं लागणार. न्यायचं कशानं? जीपनं. आणि तिला पुढं टेकून बसता येईना, मागच्या लांब बाकावर आडवंच व्हावं लागायचं. म्हणजे रिकामी जीप, मागं एकटी कौसा, आणि भरलेल्या गाडीचे शॉकअप.

पहिल्या खेपेला ती काही बोलली नाही. "हळू" सुद्धा म्हणाली नाही. आरशात बघितलं तर पदराचा बोळा तोंडात धरलेला. त्या दिवशी मला गाडी चालवता येत नाही असं वाटलं.

तिला शांताकडं ठेवून यूसुफभाईकडं गेलो. म्हातारे झाले होते, खुर्चीवर बसून कामगारांना सांगायचे. म्हटलं, भाई, मऊ टाका, माणूस एकच आहे आता. ते म्हणाले, टाकतो, पण भाभीला विचारलं का?

येताना तिला घेऊन दुकानावरून आलो आणि तिथंच विचारलं. बाकावर पडल्यापडल्या म्हणाली, "काढायचे नाय."

"अगं, तुला सोसत नाही."

"न सोसायला गाडी कारण नाय, हाडं कारण हायेत. बाजारची माणसं हायेत, बाया अडतात, त्यांनी नावेत बसायचं का माझ्यासाठी? अन् मी किती दिवसाची? मग परत काढून परत घालणार?"

यूसुफभाई काठी टेकत जीपपाशी आले, तिच्याजवळ फळीला धरून उभे राहिले. म्हणाले, "भाभी सही बोलती. गाडीको बदलो नक्को. गाडीको भरो."

घरी येऊन मी वाळूची पोती भरली. कमी पडली म्हणून वर कांद्याची ठेवली. घाईत सगळी मागल्या फळीला लावली. जीपचं तोंड वर झालं, शेपूट लोळायला लागलं, आणि वेशीजवळ कांद्याचं एक पोतं फुटलं. कांदे कौसाच्या अंगाखाली, उशाला, पायाशी. ती हसायला लागली. हसताना दुखत होतं, तरी हसत होती. "मला दवाखान्यात नेता का बाजार समितीत उतरवता?"

हे वेशीवर सरूबाईनं बघितलं.

पुढच्या खेपेच्या सकाळी मी जीप काढली, तर सरूबाई दारात उभी. नवीन लुगडं नेसून. तिच्यामागं तिचा मालक, त्याच्यामागं त्या अडलेल्या सुनेची सासू, अजून आठ-नऊ माणसं. ज्यांना कौसानं कधी ना कधी तोंडावर काहीतरी सुनावलेलं होतं, ती सगळी. म्हणजे सगळं गावच म्हणा. मी विचारलं, शहरात काम आहे का? सरूबाई म्हणाली, "काम काय? आम्ही वजन."

समोरासमोरचे दोन बाक. एका बाकावर कौसाला आडवं केलं, डोकं सरूबाईच्या मांडीवर. बाकीचे समोर, खाली, पुढं माझ्याजवळ, दाटीवाटीनं. जीप दबली, पाटे बसले. नाला ओलांडला तेव्हा मागून आवाज आला नाही म्हणून आरशात बघितलं. पदर तोंडात नव्हता. ती सगळ्यांकडं बघत होती.

"तोंडं का पाडली? कुणी मेलंय का?"

मग ती सरूबाईकडं वर बघून म्हणाली, "हे लुगडं शोभतंय गं तुला."

सरूबाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं ते शहर येईपर्यंत. लुगडं खरंच शोभत होतं का, मला माहीत नाही. मला त्यातलं कळत नाही. पण कौसा कधी खोटं बोलली नव्हती.

प्रत्येक खेपेला माणसं आली. पाळ्या लावल्या होत्या त्यांनी, मला न सांगता. पेरणीच्या दिवसांत सुद्धा बारा भरायचे. दवाखान्याच्या दारात उतरून झाडाखाली बसून राहायचे, आणि येताना परत बसायचे. गावात दुसरी कामं नव्हती असं नाही.

शेवटच्या खेपेला डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता आणू नका, घरीच ठेवा. मी बाहेर आलो. कौसानं माझं तोंड बघितलं. म्हणाली, "शांताकडं दही मागा. गाडगंभर."

शांतानं दिलं. कौसानं ते पोटाशी धरलं, दोन्ही हातांनी. हातात बळ नव्हतं, म्हणून सरूबाईनं खालून हात लावला तर म्हणाली, "सोड. मी धरते." मी तशी गाडी जन्मात चालवली नाही. चाकोरीतून, नाल्यातून, वेशीतून. बारा माणसं श्वास धरून बसली होती, जणू श्वास सोडला तर वजन कमी होईल.

दारात गाडी थांबवली. ऊन होतं. माणसं तिला उचलायला वाकली तशी म्हणाली, "आधी दही बघा."

मी फडकं सोडलं. साय अख्खी. कडेला सुद्धा चीर नव्हती.

तिनं बोट घातलं, साय मोडली. "हात पुढं करा."

सगळे बघत राहिले. बाहेर निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात. आम्ही तर घरी पोचलो होतो, कुणाला कुठं जायचं नव्हतं. पण तिच्यापुढं नाही म्हणायची कुणाची टाप? सरूबाईनं पहिल्यांदा हात केला. मग एकेक करून सगळ्यांनी. बाकावर पडल्यापडल्या तिनं प्रत्येकाच्या तळहातावर बोटभर दही ठेवलं आणि प्रत्येकाकडं नीट बघितलं. कुणाला काही बोलली नाही. सगळ्यांत शेवटी मी. गाडग्यात तळाशी होतं तेवढं निपटून माझ्या हातावर.

मला ते खाववेना. मी हात तसाच तिच्या तोंडाजवळ नेला. म्हटलं, हे तू घे.

तिनं मान हलवली.

"तुमचं हाय. खा. उद्या गाडी काढायची का नाय?"

मी खाल्लं. हात जीपच्या स्टेअरिंगला पुसला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आत नेलं.